हुकुमाचे चालणे आणि धम्माचे चालणे



वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची ठरली तेव्हा कार्यकर्त्यांनी मला सांगितले, ‘तुम्ही विहाराच्या उभारणीचा इतिहास लिहा.’ तो इतिहास मागच्या स्मरणिकेत येऊन गेला आहे. शिवाय ज्या आयाबायांनी डोक्यावर रेतीच्या पाट्या वाहिल्या त्यांच्याच तोंडून तो ऐकावा. मी दुसरा इतिहास लिहायला घेतला आहे. आपल्या पायांचा. हसू नका, कारण सांगतो.

गेल्या भीमजयंतीला आपल्याकडे आरोग्य शिबिर भरले होते. रक्तातली साखर तपासायला मीही रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढचा साखरेचा निघाला, मागचा निघाला, आणि मधला मी तरी कसा सुटणार? डॉक्टर म्हणाले, ‘काका, रोज अर्धा-पाऊण तास चालायला लागा.’ मी म्हटले, ‘डॉक्टरसाहेब, मी गिरणीत अख्खी पाळी चालतोच की!’ ते हसले आणि म्हणाले, ‘ते चालणे वेगळे.’ पुढच्या माणसाचा नंबर लागला, माझा प्रश्न तसाच राहिला. वेगळे म्हणजे काय? चालणे ते चालणे. पण घरी येऊन पुस्तके उघडली, वाडवडिलांच्या गोष्टी आठवल्या, तेव्हा पटले की डॉक्टर सहज बोलून गेले ते खरे आहे. चालण्याचे दोन इतिहास आहेत.

पहिला आपल्या घरातलाच. माझी आजी मुरबाडकडची. तिचे वडील तराळकी करायचे. सरकारी कागद तालुक्याला पोचवायचा, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचे, त्याचे सामान या गावच्या शिवेपासून पुढच्या गावच्या शिवेपर्यंत न्यायचे. रात्र नाही, पाऊस नाही, अंगात ताप असला तरी सुटका नाही. बदल्यात बलुते आणि शिळी भाकर. याला वतन म्हणायचे! १८७४ च्या वतन कायद्याने ही वेठ पक्की करून ठेवली होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात तो कायदा बदलण्यासाठी बिल आणले. तेव्हा ते पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. आजी सांगायची, ‘बाबा दिवसाला दहा-दहा कोस चालायचे, पण पायाचा कधी उपेग झाला नाय. पाय दुसऱ्याचे होते.’

तशीच गत बायांची. मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव आपल्या शहापूर तालुक्यात १८९२ साली बांधून झाला. पुढे वैतरणेवर मोडकसागर झाला, भातसा झाले. मुंबईचा नळ चोवीस तास चालावा म्हणून इथले डोंगर अडवले, आणि इथल्या वाड्यापाड्यांतल्या बाया आजही उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, नाहीतर डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन झऱ्याला जातात. एखादा शहरी पाहुणा म्हणतो, ‘गावच्या बायकांना व्यायामाची काय गरज, त्या किती काम करतात!’ त्याने एक महिना तो हंडा उचलून बघावा. मान मोडते, कंबर जाते, पण आरोग्य लाभत नाही. ओझे वाहणे हा व्यायाम नव्हे.

आता दुसरा इतिहास, तथागतांच्या संघाचा. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. वैशालीच्या लोकांनी भिक्खूंना रोज पक्वान्नांचे भोजन द्यायला सुरुवात केली. आज या उपासकाकडे, उद्या त्या. झाले काय, की भिक्खूंची अंगे जड झाली, दोष साठले, आजारपणे वाढली. त्याच सुमारास जीवक काही कामासाठी वैशालीला आला. जीवक म्हणजे राजा बिंबिसाराचा वैद्य, तक्षशिलेला सात वर्षे शिकलेला. त्याने भिक्खूंची अवस्था पाहिली आणि बुद्धांकडे जाऊन दोन गोष्टींची परवानगी मागितली. एक चंक्रमण आणि दुसरी जंताघर, म्हणजे घाम काढणारे ऊन स्नानगृह. बुद्धांनी दोन्हींना परवानगी दिली.

चंक्रमण म्हणजे काय, तर एका ठरावीक पट्टीवर शांतपणे या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणे आणि परत येणे. पालीत त्याला चंकम म्हणतात. कुठे पोचायचे नाही, कुणाचा निरोप द्यायचा नाही, डोक्यावर काही नाही. आमच्या पणज्याला हे कुणी सांगितले असते तर तो म्हणाला असता, हा कसला खुळेपणा!

मला त्या प्रसंगातला पुढचा भाग फार आवडतो. भिक्खू खडबडीत जमिनीवर चालायला लागले, पाय दुखायला लागले. बुद्धांना सांगितले, तेव्हा त्यांनी जागा सपाट करायला लावली. मग ती सखल निघाली, पाणी साचले. तेव्हा जोते उंच करून विटा, दगड किंवा लाकूड लावायची परवानगी दिली. उंच केल्यावर चढता येईना, म्हणून पायऱ्या केल्या. चालताना लोक खाली पडायला लागले, तेव्हा कठडा बांधला. शेवटी थंडी आणि उन्हाचा त्रास झाला म्हणून वर छप्पर घालून चंक्रमणशाळा केली. एखाद्या ग्रामपंचायतीच्या कामासारखे, अडचण आली की दुरुस्ती! निर्वाणाचा मार्ग सांगणारा महापुरुष चालायच्या ओट्याला कठडा हवा की नको याचाही विचार करतो. शरीर म्हणजे नुसती घाण, त्याकडे बघू नका, असे म्हणणारा धम्म हा नव्हे.

अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, प्रयत्नाला बळ येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते, आणि चालता चालता लाभलेली समाधी जास्त काळ टिकते. यातले पहिले चार तर आपल्या शिबिरातल्या डॉक्टरांनीही सांगितले असते. बुद्धगयेला महाबोधी मंदिराच्या उत्तर बाजूला आजही एक लांबट ओटा आहे, त्यावर दगडी कमळे कोरली आहेत. संबोधीनंतर तथागत जिथे चालले ती ही जागा, असे परंपरा मानते. आपल्यातले बरेच जण बुद्धगयेला जाऊन आले. बोधिवृक्षाचे पान सगळ्यांनी आणले, पण त्या ओट्याबद्दल सांगितलेले मी अजून कुणाकडून ऐकले नाही.

सातव्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी भिक्खू भारतात आला. इ.स. ६७१ ला निघाला, नालंदेला वर्षानुवर्षे राहिला, ६९५ ला परत गेला. त्याच्या प्रवासग्रंथात चालण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तो लिहितो की भारतात भिक्खू आणि गृहस्थ दोघेही ठरलेल्या वेळी, गोंगाटापासून दूर, एका पट्टीवर येरझाऱ्या घालतात. वेळ दोन, दुपारच्या आधीची आणि दिवस कलतानाची. त्याने आजार बरे होतात आणि अन्न पचते. गृध्रकूट, बोधिवृक्ष, मृगदाव अशा ठिकाणी त्याने चंक्रमणाचे ओटे पाहिले. त्यांचे मापही दिले आहे. सुमारे दोन हात रुंद, चौदा-पंधरा हात लांब, दोन हात उंच. विटांचे बांधकाम आणि वर चुन्याची कमळे. हे माप लक्षात ठेवा, शेवटी मला त्याचे काम आहे. आणि ‘गृहस्थही’ हा शब्दही लक्षात ठेवा. चालणे फक्त चीवरधारींसाठी नव्हते.

हे सगळे बिहारकडचे झाले, आपल्याकडे काय, असे कुणी विचारील. आपण तर त्या वाटेवरच राहतो. कल्याण हे सातवाहनांच्या काळचे मोठे बंदर. तिथून निघालेली वाट मुरबाडवरून वैशाखऱ्याला येते आणि नाणेघाट चढून जुन्नरला जाते. घाटाच्या माथ्यावर राणी नागनिकेचा शिलालेख आहे, खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी, इकडे कान्हेरीला शंभरावर. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे येतात. त्या लेखांत पाण्याच्या टाकीला ‘पोढी’ म्हटले आहे, आणि लोकांनी पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत. पाणी साठवून स्वच्छ ठेवणे हेही दानच! भिक्खू पावसाळ्यात लेण्यांत राहायचे आणि एरवी पायी फिरायचे. मुरबाडहून नाणेघाटाकडे जाताना एस.टी.च्या खिडकीतून मी नेहमी त्या पायवाटा बघतो. त्याच मुलखात एक जण हुकुमाने चालला आणि एक जण धम्मासाठी चालला. पाय सारखेच.

या दोन चालण्यांची गाठ २० मार्च १९२७ ला महाडला पडली. परिषद संपली आणि माणसे रांगेने चवदार तळ्याकडे निघाली. सी. के. बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने तळे कागदावर मोकळे झाले होते, पण कुणी तिथवर जाऊ धजत नव्हते. त्या दिवशी कुणाचा हुकूम नव्हता, पाठीवर ओझे नव्हते. आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने ते पाण्यापर्यंत गेले. त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले गेले. आजी सांगायची, तिच्या लहानपणी चान्या वाळत घातलेल्या असायच्या, त्या वासाने तिला पुढे आयुष्यभर मळमळायचे. डिसेंबर १९२७ ला महाडलाच बाबासाहेबांनी बायांची वेगळी सभा घेतली आणि नेसणे, स्वच्छता, खाणे यांवर बोलले. इतिहासाची पुस्तके लिहिणारे याला ‘सामाजिक सुधारणा’ म्हणून एका ओळीत संपवतात. माझ्या मते ती आपल्या समाजातली पहिली आरोग्य चळवळ होती. आधी पाणी, मग अन्न, मग कपडा. ज्याला तळ्यावर जायची बंदी, त्याला ‘रोज आंघोळ करा’ म्हणून सांगणे ही थट्टाच झाली असती.

आता गिरणीचे सांगतो, ते माझ्या अनुभवाचे. माझे वडील मुंबईला रिंग खात्यात होते. साळखाते म्हणजे विणकाम, तिथे पगार जास्त. पण धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ‘यांच्या उष्ट्या धोट्याला आम्ही तोंड कसे लावू’ म्हणून आपल्या माणसांना तिथे घेत नसत. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. खरे तर तोंडाने दोरा ओढणे कुठल्याच जातीच्या माणसाला हिताचे नव्हते, रुईचा धुरळा सरळ छातीत! पण त्या काळी विटाळाची काळजी जास्त, फुप्फुसाची कमी.

रिंग खात्यात कामगार दोन साच्यांच्या मधून सारखा फिरत असतो. तुटलेला धागा जोड, पुढे जा, पुन्हा जोड. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली, वर कापसाची धूळ. सुट्टीनंतर सोमवारी कामावर आले की छाती आवळल्यासारखी होते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराची ती ओळखीची खूण. वडिलांना ती होती, आणि आम्ही समजायचो की रविवारची सुट्टी बाबांना मानवत नाही. मी ज्या गिरणीत बदली म्हणून लागलो तिथे तोंडाला बांधायला फडकेसुद्धा घरून न्यावे लागे. मैलोन्‌मैल चालणे झाले, पण श्वास दुसऱ्याच्या ताब्यात. डॉक्टरांचे ‘वेगळे’ ते हेच. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचे बिल त्यांनी मांडले आणि १९४६ साली तसा कायदा झाला. त्या वाचलेल्या सहा तासांचे आपण काय केले, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

लंडनचे एक उदाहरण ऐकण्यासारखे आहे. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, ती १९५३ साली छापली गेली. दोघांची बस एकच, रस्ता एकच. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, आणि दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. तेव्हापासून जगात व्यायामाचा शास्त्रीय विचार जोरात सुरू झाला. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे झपझप चालण्यासारखी हालचाल करावी. म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटे. आपल्या वंदनेला लागतो तेवढाच वेळ म्हणा ना.

खाण्याचे थोडक्यात. संयुत्तनिकायात कोसलचा राजा प्रसेनजित भेटतो. द्रोणभर भात खाऊन धापा टाकत बुद्धांकडे आला. त्यांनी मापात खाण्याबद्दल एक गाथा म्हटली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना आपल्यासमोर म्हणायचे काम दिले. हळूहळू भात नाळीभरावर आला आणि राजा अंगाने हलका झाला. गंमत म्हणजे राजालाही आठवण करून द्यायला माणूस ठेवावा लागला, मग आपण एकट्याने ठरवून कसे जमणार? विनयात पेजेचेही दहा गुण सांगितले आहेत. बळ येते, भूक-तहान शमते, वायू सरतो, पचन सुधारते असे. पेज म्हणजे आपल्याकडची रोजची न्याहारी होती! तांदळाची पेज, नागलीची आंबील, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, कंटोळी. आता पोराला सकाळी बिस्कीट आणि चहा लागतो, पेज दिली तर ‘गरिबांचे खाणे’ म्हणून तोंड फिरवतो. २०२३ हे संयुक्त राष्ट्रसंघाने भरड धान्यांचे वर्ष जाहीर केले, तेव्हा तीच नागली रंगीत पाकिटात आली.

आणि दारू. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत ती न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलात पाचवे शील तेच. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे पंचशील ध्वज आणि मागे झुलणारी पोरे, हे दृश्य मी दरवर्षी बघतो. गुटख्याला राज्यात २०१२ साली बंदी झाली, तरी पुड्या विहाराच्या मागच्या गटारातच सापडतात. नाव घेत नाही, झाडणाऱ्या बाईंना विचारा.

बाबासाहेबांच्या प्रकृतीबद्दलही लिहायला हवे, कारण आपण तो विषय टाळतो. त्यांना मधुमेह होता, सांधेदुखी होती. लंडनला शिकताना अर्धपोटी राहून ग्रंथालयात बसले, पुढे रात्ररात्र जागून लिहिले. १९४८ साली त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला, त्या पुढे माईसाहेब झाल्या. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली तेव्हा ते काठीच्या आधाराने उभे होते, आणि दोन महिन्यांच्या आत, वयाच्या ६५ व्या वर्षी आपल्याला सोडून गेले. काही जण म्हणतात, बाबासाहेबांनी कुठे व्यायाम केला? मला याचा राग येतो. त्यांच्याकडे वेळ नव्हता, तो त्यांनी आपल्यावर खर्च केला. आपल्याकडे आहे, आणि आपण तो मोबाईलवर घालवतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचे दिसले. वैशालीचे भिक्खू पक्वान्नांनी आजारी पडले होते. आपल्या पणज्यांना कदान्न मिळत नव्हते. दोन-तीन पिढ्यांत आपण उपाशीपोटाच्या आजारातून भरल्यापोटाच्या आजारात आलो.

आता विहाराच्या पूर्वेकडच्या मोकळ्या पट्टीविषयी. तिथे मंडपाचे बांबू आणि खुर्च्या ठेवायला पत्र्याची खोली बांधावी असे कमिटीत चालले आहे. खोलीची गरज आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती मागच्या बाजूला संडासाशेजारीही होऊ शकते. पूर्वेची पट्टी मी स्वतःच्या हाताने मोजली. रुंदी साडेतीन हात, लांबी अठ्ठावीस हात. इत्सिंगने दिलेल्या मापाच्या जवळजवळ दुप्पट! फक्त सपाट करून, पाणी साचणार नाही एवढे जोते उचलून, म्हाताऱ्यांसाठी एका बाजूला कठडा केला की झाले. बायांसाठी तर हे फारच गरजेचे आहे. रस्त्यावर रिकाम्या हाताने चालणाऱ्या बाईला चारजण विचारतात, ‘कुठे निघालीस गं?’ विहाराच्या आवारात कुणी विचारणार नाही. माझ्या घरातूनच मी सुरुवात करून पाहिली. पहिल्या दिवशी बायको म्हणाली, ‘हातात कळशी नाय तर चालायला कसंतरीच वाटतं.’ आता ती माझ्या पुढे असते.

धर्मानंद कोसंबींच्या ‘भगवान बुद्ध’ या पुस्तकात बुद्धांच्या दिनचर्येवर प्रकरण आहे. ते आपल्या विहाराच्या कपाटात आहे, ज्याला वाचायचे त्याने नोंद करून न्यावे. पट्टीचा नकाशा मी कागदावर काढला आहे. विटा किती लागतील ते आपल्यातल्या गवंडी मंडळींनी सांगायचे आहे. बैठकीला तो कागद घेऊन येतो.